सात नंबरच्या झाडाची एक उंबी

मोठेबाबांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लॅबमधी ऑटोक्लेव्ह (सामान निर्जंतुक करायचा कुकर) थंड व्हायची वाट पाहत बसलो होतो. "बाबू, तुझ्या त्या वांझोट्या गव्हाले दाणे भरले ना बे," म्हणे. मी म्हटलं शक्यच नाही मोठेबाबा, तुम्ही बाजूच्या वाफ्यातला साधा गहू पाहिला असेल. "चाळीस वर्षं गहू पेरून राहिलो, मले साधा गहू समजत नाही का? ये अन् पाय." मार्चचा पहिला आठवडा होता, ऊन तापायला लागलं होतं, तरी गाडी काढली अन् गेलो. विहिरीच्या कोपऱ्यात आमची ती पंधरा झाडं उभी होती (सोळा लावली होती, सोळाव्याचं पुढं सांगतो), आणि त्यातल्या ७ नंबरच्या झाडाला पाच फुटवे होते, चार फुटव्यांच्या उंब्या बोटांनी दाबल्या तर फुसकन बसत होत्या, आतमध्ये काहीच नाही, नुसता भुसा. पाचवी उंबी दाबली तर बोटाला टणक लागली.

आता हे प्रकरण पहिल्यापासून सांगतो, कारण अर्धवट सांगितलं की लोक लगेच विचारतात, टिश्यू कल्चरचा गहू निघाला का मार्केटमधी, बॅग कितीची आहे. बॅग वगैरे काही नाही. हा गहू आणि राय यांचा संकर होता. राय म्हणजे थंड देशातलं धान्य, जर्मनी-पोलंडकडं त्याचा काळसर ब्रेड करतात, आपल्याकडं कोणी लावत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात एका कॉलेजची छोटी लॅब, तिथं मी प्रोजेक्टवर कामाला, आणि प्रोजेक्टचा प्रश्न एवढाच होता की असा संकर कॅलसमधून (बाटलीत वाढवलेल्या पेशींच्या गोळ्यातून) काढला तर रोपांमध्ये क्रोमोसोमचा (पेशीतल्या जीन वाहणाऱ्या धाग्यांचा) आकडा जसाच्या तसा राहतो का बदलतो.

आकडेमोड सोपी आहे. पोळीच्या गव्हात ४२ क्रोमोसोम, म्हणजे २१ जोड्या, आणि त्यातही तीन वेगवेगळ्या घरचं सामान एकत्र आलेलं आहे, ए, बी आणि डी, प्रत्येकाच्या सात जोड्या. (आपला बन्सी किंवा खपली घ्या, त्यात डी नाही, २८ वरच काम भागतं.) रायमध्ये १४, म्हणजे सात जोड्या. गव्हाच्या बीजांडातून २१ आले, रायच्या परागातून ७ आले, झाले २८. आता या २८ मध्ये कोणालाच जोडीदार नाही. झाड वाढतं, फुटवे काढतं, उंबी काढतं, दिसायला झकास, पण पराग आणि बीजांड तयार होताना क्रोमोसोमांनी जोडीनं उभं राहायचं असतं, तिथं सगळे एकटे, मग ज्याला जिकडं वाट दिसेल तिकडं तो जातो अन् पराग पोकळ निघतो. पुंकेसर सुकलेले, फुटतच नाहीत. मोठेबाबांना मी हेच सांगून ठेवलं होतं की याला दाणा येणार नाही, फक्त पाणी द्या, म्हणून त्यांच्यासाठी तो "वांझोटा गहू".

मग क्रॉसिंग कसं केलं ते. कपाशीच्या सीड प्लॉटवर बाया जसं करतात तसंच, फक्त गव्हाचं फूल इतकं बारीक की चिमट्यानं तीन पुंकेसर काढता काढता मान मोडते. आपले बरेचसे गहू रायचा पराग घेतच नाहीत, त्यांच्यातले केआर नावाचे जीन परागनळीला अडवतात, म्हणून आम्ही मादी म्हणून चायनीज स्प्रिंग घेतला, तो जुना गहू यासाठी जगभर वापरतात कारण तो राय पटकन स्वीकारतो. रायला फुलायला लांब दिवस लागतो, आपल्याकडं डिसेंबरात दिवस एवढासा, मग संध्याकाळी कुंड्यांवर बल्ब लावून दिवस वाढवला. शेजारच्या हॉस्टेलची पोट्टी विचारायची, सर लग्न आहे का कोणाचं.

जानेवारीत पराग टाकला, पंधरा-सोळा दिवसांनी दाणे काढले. दाण्यात पाणीच असतं, पोषण नसतं, गर्भ तसाच ठेवला तर मरतो, म्हणून मायक्रोस्कोपखाली गर्भ काढून मीडियमवर, म्हणजे पोषक जेलीवर ठेवायचा. हाताला लागलेले १४ गर्भ. पाच सरळ उगवायला ठेवले, नऊ कॅलसवर टाकले. कॅलस म्हणजे पेशींचा नुसता गोळा, ना मूळ ना पान, पिवळसर, दाणेदार, ताज्या खव्यासारखा दिसतो. हा गोळा बनवायला मीडियममध्ये टू-फोर-डी टाकतात. हो, तेच टू-फोर-डी जे आपण गव्हात चांदवेल-बथुव्यावर फवारतो, आणि शेजाऱ्यानं मारलं अन् वारा इकडं आला तर आपल्या पऱ्हाटीची पानं भेंडीसारखी होतात तेच. लिटरला २ मिलिग्रॅम एवढंसं टाकलं की पेशी मूळ-पान विसरून नुसती वाटून घेत बसतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार. दर तीन-चार आठवड्यांनी गोळा फोडून नव्या मीडियमवर. एमएस मीडियम, मुराशिगे अन् स्कूग या दोघांचं, १९६२ चं, अजूनही सगळीकडं तेच चालतं.

प्लॅन होता की दोन-तीन महिने कॅलस ठेवायचा आणि मग टू-फोर-डी काढून रोपं काढायची. झालं आठ महिने. त्याला कारणं आपल्याकडची नेहमीचीच, एप्रिलमध्ये लाईन जायला लागली, एसी बंद, रूम तापली, बुरशी आली, अर्ध्या बाटल्या फेकल्या, मग परीक्षा, मग लॅबमधला मदतनीस दुसरीकडं लागला, मग पावसाळा. मी आपला गोळे हलवत राहिलो, मेले तर सगळंच गेलं म्हणून. आणि इथंच माझी सगळ्यात मोठी चूक झाली, ती आत्ताच सांगतो. बाटल्यांवर मार्करनं नंबर लिहिले होते, कोणता गोळा कोणत्या गर्भाचा ते. बुरशीच्या भीतीनं प्रत्येक बाटली मी स्पिरिटनं पुसायचो. स्पिरिटनं मार्करची शाई जाते हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्या घाईत लक्षातच आलं नाही, आणि जूनमध्ये पाहिलं तर निम्म्या बाटल्या कोऱ्या. नऊ गर्भांपैकी कोणाचं काय उरलं याचा पत्ता गेला. याचा फटका कसा बसला ते खाली येतं.

सप्टेंबरात रोपं काढली. मीडियममधून टू-फोर-डी गेलं की गोळ्यावर हिरवे ठिपके येतात, मग बारीक पाती. कुंडीपर्यंत सोळा टिकली. प्रत्येकाच्या मुळ्या सकाळी कापायच्या, सेंटिमीटरभर टोक, बर्फाच्या पाण्यात २४ तास, म्हणजे वाटणाऱ्या पेशी मध्येच थबकतात आणि क्रोमोसोम आखूड, सुटे दिसतात. लॅबचा फ्रीज बंद, मग कोल्ड्रिंकच्या दुकानातून बर्फ आणून थर्मासमध्ये. नंतर अल्कोहोल अन् ॲसिटिक ॲसिडमध्ये, मग ॲसिटोकार्मिनचा लाल रंग, मुळीचं टोक स्लाइडवर, वर काचेची चकती, आगपेटीच्या काडीच्या मागच्या टोकानं टकटक, आणि शेवटी टिपकागदात धरून अंगठ्यानं जोरात दाब. अंगठा जरा सरकला की पेशी चिरडतात. आठवडाभर हाताला व्हिनेगरचा वास, जेवताना वरणातही तोच.

पहिल्या दिवशी मला एका पेशीत २७ दिसले अन् मी नाचायचाच बाकी होतो. गाईडनी शांतपणे दुसऱ्या पेशी दाखवायला सांगितल्या, तिथं २८. दाब देताना एक क्रोमोसोम पेशीबाहेर उडाला होता, बाजूलाच पडलेला दिसला. तेव्हापासून नियम केला, एका झाडाच्या किमान दहा चांगल्या पेशी मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही.

तर निकाल. सरळ उगवलेल्या पाचही रोपांत २८, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखे. कॅलसमधून आलेल्या सोळांत दहांमध्ये २८. तिघांत २७. एकात २८ च, पण त्यातला एक क्रोमोसोम अर्धाच, एकच हात असलेला, दुसरा हात कुठं गेला देव जाणे. एकात काही पेशी २८ च्या अन् काही ५६ च्या, दोन्ही एकाच मुळीत. आणि एकात सरळ ५६.

५६ म्हणजे काय ते लक्षात घ्या. २८ एकटे होते, प्रत्येकाची नक्कल झाली, आता प्रत्येकाला जोडीदार मिळाला, झाड फळू शकतं. हेच मुद्दाम करायचं असलं तर कोल्चिसिन नावाचं रसायन वापरतात, १९३७ पासून ते माहीत आहे, आणि ते आपल्या मेळघाटाच्या जंगलात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही असतं. आम्ही कोल्चिसिन लावलंच नव्हतं, कॅलसमधल्या एखाद्या पेशीनं क्रोमोसोम दुप्पट केले पण वाटणीच केली नाही, आणि रोप नेमकं त्या पेशीपासून निघालं. त्या झाडाला आम्ही जावयासारखं जपलं. नोव्हेंबरात शेतात लावलं (कॉलेजचं नेटहाऊस वादळात फाटलं होतं, म्हणून मोठेबाबांचं शेत), वेगळी काडी रोवली, लाल चिंधी बांधली. डिसेंबरात रानडुकरं आली, पूर्ण वाफा सोडून नेमकं तेच झाड उपटून गेली. हेच ते सोळावं झाड. त्याबद्दल जास्त बोलायची इच्छा नाही.

मग मोठेबाबांचा फोन, आणि दाणा आला ७ नंबरला, ज्याच्या मुळ्यांमध्ये मी स्वतः दहा पेशींत २८ मोजले होते.

मला पहिली शंका आली ती शेजारच्या गव्हाची. सगळीकडं गहू फुलोऱ्यावर होता, वाऱ्यानं पराग आला असेल. अशा संकरात कधीकधी बीजांड क्रोमोसोम न वाटता पूर्ण २८ घेऊन बसतं, त्यावर गव्हाचे २१ पडले तर दाण्यात ४९ येतील. दुसरी शक्यता, तसंच न वाटलेलं बीजांड अन् तसाच न वाटलेला पराग योगायोगानं भेटले, म्हणजे ५६, पण तसं झालं तर पाचही फुटव्यांत एखाददुसरा दाणा सापडायला पाहिजे. तिसरी शक्यता, हा एकच फुटवा दुप्पट झालेल्या पेशीतून आलाय आणि बाकीचं झाड, मुळ्यांसकट, साध्या पेशीतून. पहिली शक्यता दाणे उगवून मुळी मोजली की कळते, दुसऱ्या-तिसऱ्याचा फैसला उंबीच सांगते.

त्या उंबीत १९ दाणे निघाले, सुरकुतलेले, लांबट, गव्हापेक्षा पोटात बारीक. मोठेबाबा म्हणाले २१ होते, दोन चावून पाहिले. "भरला का नाही ते पाहू नको का?" मी काय बोलणार. बाकी चार उंब्यांमध्ये शून्य, एक एक फूल उघडून पाहिलं. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या नोंदवहीत नव्हतं: फेब्रुवारीत बाकीच्या उंब्यांना फुलोरा येऊनही पिवळी धूळ नव्हती, या एकीवर होती, बोटाला लागायची. मी त्या काळात आठवड्यातून एकदा जायचो, ते रोज रात्री लाईन आली की मोटर लावायला जायचे अन् सकाळी वाफे पाहायचे. मोठेबाबा हो, तेव्हाच फोन करायचा ना! पराग तेव्हा हाती लागला असता तर तो भरलेला आहे का पोकळ ते सरळ स्लाइडवर दिसलं असतं. "तूच म्हणाला होता पाणी देजा फक्त," म्हणे. बरोबरच आहे.

सहा दाणे टिपकागदावर उगवायला ठेवले. पाच उगवले, त्यातल्या चारांत ५६, एकात ५५. ४९ एकातही नाही. म्हणजे शेजारचा गहू सुटला. एकाच उंबीत भरून दाणे आणि बाकीच्या कोऱ्या, शिवाय परागाची धूळ, म्हणून माझं मत तिसऱ्या शक्यतेकडं आहे. ५५ चंही नवल नाही, गव्हाच्या ४२ आणि रायच्या १४ चं मिळून झालेलं ५६ वालं ट्रिटिकेल (फळणाऱ्या गहू-राय संकराचं नाव) स्वभावानंच अस्थिर, पिढीगणिक एखादा क्रोमोसोम हरवत असतं, शेतकऱ्यांकडं जे चालतं ते मुख्यतः ४२ वालं, बन्सीच्या जातीच्या गव्हापासून केलेलं.

आणि याच्या उलटं उदाहरणही त्याच वाफ्यात होतं. ज्याच्या मुळीत २८ आणि ५६ मिसळलेले होते त्या झाडाला चार उंब्या, चारही कोऱ्या. म्हणजे तिथं दुप्पट पेशी मुळीत राहिल्या, वर चढल्याच नाहीत. मुळी मोजून झाडाचा आकडा सांगणं म्हणजे दारातल्या एका माणसाला पाहून घरात कोण कोण राहतं ते सांगणं, आणि आमच्या प्रोजेक्टच्या पहिल्या अहवालात मी बिनधास्त "झाड क्र. ७ : २८" असं लिहून टाकलं होतं.

आता लोक म्हणतात, अकोटकडं टिश्यू कल्चरची केळी लावतात, सगळी एकसारखी येतात, मग तुमचं असं कायले झालं. ती रोपं कॅलसमधून काढत नाहीत, कोंबाच्या वाढत्या टोकापासून काढतात, तिथं पेशी शिस्तीत वाटतात, तरीसुद्धा चांगल्या लॅब किती वेळा फोडायचं याला मर्यादा ठेवतात कारण वेगळी झाडं त्यांच्याकडंही निघतात. कॅलसमध्ये शिस्त मोडलेली असते, आणि जितका जास्त काळ तितकी जास्त गडबड. या सगळ्या प्रकाराला लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१ मध्ये सोमाक्लोनल व्हेरिएशन असं नाव दिलं. आमचे आठ महिने म्हणजे आम्हीच आमंत्रण देऊन बोलावलेली गडबड.

त्यातही राय जास्त मोडतो. रायच्या क्रोमोसोमांच्या टोकांना हेटरोक्रोमॅटिनचे, म्हणजे घट्ट गुंडाळलेल्या धाग्याचे जाड गठ्ठे असतात, त्यांची नक्कल सगळ्यात शेवटी होते, पेशी घाईत वाटायला निघाली की टोकं अजून चिकटलेली, मग ताण येऊन मध्येच तुटतात. तुटलेली टोकं एकमेकांना चिकटतात, पुन्हा ताणली जातात, पुन्हा तुटतात, हे चक्र बार्बरा मॅक्लिंटॉकबाईंनी मक्यात कितीतरी आधी दाखवलं होतं, नोबेल त्यांना १९८३ मध्ये मिळालं. आणि १९८४ मध्ये अमेरिकेत लॅपिटान, सीअर्स आणि गिल यांनी अगदी आमच्यासारखेच गहू-रायचे संकर कॅलसमधून काढून क्रोमोसोमवरचे पट्टे रंगवून पाहिले तर तुकडे गळालेले, तुकड्यांची अदलाबदल झालेली, काही पट्टे फुगलेलेसुद्धा, आणि रायमधली मोडतोड बहुतेक त्या गठ्ठ्यांमध्येच. आमचा तो एक हात गेलेला क्रोमोसोम रायचा का गव्हाचा हे आम्हाला सांगता आलं नाही, पट्टे रंगवायचे तीन प्रयत्न केले, तिन्ही वेळा बेरियमच्या पाण्यात स्लाइडवरचं सगळं वाहून गेलं.

आता लेबलचा फटका. २७ वाली तीन झाडं तीन वेगळ्या घटना आहेत का एकाच गोळ्यातली तीन भावंडं? शाई राहिली असती तर एका मिनिटात कळलं असतं. तिघं एकाच पेशीची पिल्लं असतील तर "सोळापैकी सहा बिघडले" हा आकडा खोटा पडतो, खऱ्या घटना चारच उरतात. ७ नंबर धरलं तर त्यात आणखी एक वाढते. गाईड म्हणाले टक्केवारी लिहूच नको, झाडागणिक काय दिसलं ते लिही. तसंच केलं.

या मोडतोडीचा उपयोग काय हे मोठेबाबांनीही विचारलं. उपयोग असा की एरवी गहू आणि राय यांचे क्रोमोसोम जोडी लावत नाहीत म्हणून देवाणघेवाणही नाही, मोडले तरच रायचा एखादा तुकडा गव्हात शिरू शकतो. असा एक तुकडा, रायच्या १ नंबरच्या क्रोमोसोमचा (१ आर) छोटा हात, कॅलसशिवाय साध्या क्रॉसिंगमधूनच गव्हात आला आणि तांबेऱ्याविरुद्धचे जीन घेऊन आला, आपल्या देशात पंजाबकडं गाजलेल्या पीबीडब्ल्यू ३४३ या गव्हाच्या वाणातही तो होता. पीठ मात्र त्यानं जरा चिकट होतं असं बेकरीवाले सांगतात, आणि युगांडात निघालेल्या यूजी ९९ तांबेऱ्यानं त्यातला खोडाच्या तांबेऱ्यावरचा मुख्य जीन मोडून काढला.

मला मात्र जास्त आठवतो तो रिम्पाऊ, जर्मनीतला. १८७५ मध्ये स्कॉटलंडमध्ये विल्सननी पहिला गहू-राय संकर दाखवला होता, वांझ. १८८८ मध्ये रिम्पाऊच्या तशाच संकरात काही दाणे भरले आणि त्यांची झाडं फळली, पहिलं फळणारं ट्रिटिकेल. क्रोमोसोम मोजायची सोयच तेव्हा नव्हती, ते आपोआप दुप्पट झाले होते हे नंतर १९३० च्या दशकात कळलं. म्हणजे त्यानंही आमच्या मोठेबाबांसारखी उंबी दाबूनच पाहिली असणार.

१३ दाणे उरलेत. नोव्हेंबरात पेरणार, या वेळी विहिरीजवळ नाही, घरामागं, भोवती तारेचं कुंपण, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत मी तिथंच मुक्कामाला. मोठेबाबांनी पाच दाणे त्यांच्याकडं ठेवू का म्हणून विचारलं, मी म्हटलं चावणार नसाल तर ठेवा. पाकिटं दोन केली, ८ अन् ५, आणि दोन्हीवर पेन्सिलनं लिहिलं.